श्रीमंत व्हायची पुस्तके आणि आमचा 'गरीब बाप'

जतच्या एस.टी. स्टँडबाहेर पुस्तकांची पथारी लावणाऱ्याकडे पूर्वी काय असे? पंचांग, आरत्यांचे संग्रह, भविष्याची पुस्तके, पोलीस भरतीचे गाईड. एखाद्या कोपऱ्यात बाबासाहेबांचे छोटे चरित्र. आज तिथे उभे राहून पाहा. निम्मी पथारी श्रीमंत कसे व्हावे हे सांगणाऱ्या पुस्तकांनी अडवली आहे. रॉबर्ट कियोसाकीचे 'रिच डॅड पुअर डॅड', शिव खेरांचे 'यश तुमच्या हातात', नेपोलियन हिलचे १९३७ सालचे पुस्तक, 'द सिक्रेट' आणि अलीकडची 'द सायकॉलॉजी ऑफ मनी'. ही पुस्तके घेतो कोण? बागायतदाराचा मुलगा घेत नाही, व्यापाऱ्याचा मुलगा तर नाहीच नाही. त्याला पैशाचे शिक्षण गल्ल्यावर बसूनच मिळते. घेतो तो आपला तरुण. बी.ए. झालेला, डी.एड. होऊन घरी बसलेला, भरतीचे वय सरत आलेला.

या पुस्तकांबद्दल आपल्या चळवळीत दोनच मते ऐकू येतात. एक, ही भांडवलदारांची अफू आहे, हात लावू नका. दुसरे, समाजाने आता मोर्चे बंद करावेत आणि ही पुस्तके वाचून उद्योजक व्हावे. आम्ही बरीच वर्षे पहिल्या मताचे होतो. भाषणात या पुस्तकांची टिंगल केली की टाळ्या मिळतात, हेही खरे. पण काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात एक प्रकरण आले आणि टिंगल बंद झाली.

तालुक्याच्या पूर्व भागातला एक बाप आपल्या मुलाला घेऊन आला होता. बाप जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त शिपाई, सातवी शिकलेला. मुलगा पदवीधर. मुलाच्या नावे चेक न वटल्याच्या खटल्याचे समन्स आलेले. हकिगत अशी की, मुलगा कुणा मित्राबरोबर शहरातल्या एका सभागृहात 'बिझनेस मीटिंग'ला गेला. तिथे टाय लावलेल्या माणसांनी आधी पुस्तक विकले, मग स्वप्न विकले, मग सभासदत्व. तुमच्या हाताखाली दोन जण आणा, त्यांच्या हाताखाली चार. बापाच्या ग्रॅच्युइटीतले साडेतीन लाख त्यात गेले. ते भरून काढायला एका खाजगी सावकाराकडून दीड लाख शेकडा पाचने उचलले आणि तारण म्हणून सही केलेला कोरा चेक दिला. सावकाराने पुढे त्यावर मनाला येईल तो आकडा टाकला.

कागद चाळताना बापाने पिशवीतून ते पुस्तक काढले. "वकीलसाहेब, पोरगं रात रात हे वाचत हुतं. आम्हांस्नी वाटलं, परीक्षेचा अभ्यास करतंय." पुस्तकात जागोजागी पेनाने रेघा मारलेल्या. एका पानाच्या समासात मुलाच्याच अक्षरात लिहिलेले, 'पुअर डॅड म्हणजे आमचे बाबा'. बापाने त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "हे माझ्याबद्दल लिवलंय का?"

मुलगा खाली मान घालून बसला होता. आम्हीही काही बोलू शकलो नाही.

पुढे आम्ही ते पुस्तक नीट वाचले. १९९७ साली अमेरिकेत निघालेले हे पुस्तक दोन बापांची गोष्ट सांगते. एक बाप शिकलेला, शिक्षण खात्यात मोठ्या हुद्द्यावर, तरी आयुष्यभर पैशाने तंग. दुसरा मित्राचा बाप, फारसा न शिकलेला, पण धंद्यात मुरलेला. लेखक म्हणतो, पहिल्याचे ऐकू नका. नोकरी हा सापळा आहे, शाळा तुम्हाला नोकर बनवते. हवाई बेटांवरच्या मध्यमवर्गीय मुलाला हे सांगणे एक गोष्ट आहे. जत तालुक्यातल्या बौद्ध वस्तीतल्या मुलाला हेच सांगणे म्हणजे दुसरीच गोष्ट आहे! ज्याच्या आजोबाने गावकीची कामे शिळ्या भाकरीवर केली, त्याच्या बापाला महिन्याच्या एक तारखेला रोख पगार मिळाला ही क्रांती होती. गावातल्या कुणाच्याही मेहेरबानीवर अवलंबून नसलेला तो पहिला पैसा. या शिपायाने त्या पगारात धाकट्या दोन भावांना शिकवले, एका बहिणीचे लग्न केले, पत्र्याचे घर पक्के केले आणि विहाराच्या बांधकामाला वर्गणी दिली. कियोसाकीच्या हिशेबात हा सगळा 'खर्च' आहे. ताळेबंदात याची कुठेही मालमत्ता म्हणून नोंद होत नाही. आमच्या हिशेबात मात्र ते दोन शिकलेले भाऊ हीच त्या माणसाची मालमत्ता होय.

त्याच कियोसाकींची एक कंपनी २०१२ साली अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. चर्चासत्रे भरवणाऱ्या एका संस्थेला सुमारे २.४ कोटी डॉलर देण्याचा निकाल त्या कंपनीविरुद्ध झाला होता. लेखकाच्या खाजगी संपत्तीला मात्र त्याची झळ लागली नाही, कारण देणे कंपनीचे होते, त्यांचे नव्हते. कायदा शिकलेल्या माणसाला या पुस्तकापेक्षा या बातमीत जास्त शिकायला मिळते. श्रीमंत माणूस कर्ज घेतो ते कंपनीच्या नावे, मर्यादित जबाबदारीवर. आपला माणूस घेतो ते स्वतःच्या नावे, वर दुसऱ्या दोघांना जामीनदार करून. आणि जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार, अशी आपल्याकडे सर्रास समजूत! भारतीय करार कायद्याच्या १२८व्या कलमानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँक आधी कर्जदाराच्या मागे लागलीच पाहिजे असे बंधन नाही. मैत्रीखातर पतसंस्थेच्या कागदावर सही केलेल्या किती शिक्षकांचे पगार कापले गेले ते आम्ही पाहिले आहे. हे कुठल्या श्रीमंतीच्या पुस्तकात आहे?

पण म्हणून पैशाचे ज्ञान नको, हा निष्कर्ष काढणारे बाबासाहेबांना ओळखत नाहीत. संविधानाच्या शिल्पकाराचे पहिले शास्त्र कायदा नव्हते, अर्थशास्त्र होते. १९१५ साली कोलंबियात एम.ए. साठी लिहिलेला प्रबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावर, १९१८ चा निबंध शेतीच्या लहान तुकड्यांवर, १९२३ चा ग्रंथ रुपयाच्या प्रश्नावर. त्याच १९१८ साली बर्ट्रांड रसेलच्या पुस्तकाचे परीक्षण करताना त्यांनी पैशाच्या लोभाला सरसकट शिव्या देण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले. माणूस पैसा कशासाठी मागतो हे आधी पाहा आणि दुखणे मालमत्तेत नाही, तिच्या विषम वाटणीत आहे, असा त्यांचा मुद्दा होता. 'आम्हाला पैशाचा मोह नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी हे परीक्षण एकदा वाचावे.

आणि बाबासाहेबांचे स्वतःचे व्यवहार? १९१७ साली लंडनहून परतताना त्यांनी ज्या जहाजाने सामान पाठवले होते ते युद्धात बुडाले. पुस्तके गेली, प्रबंधाची टिपणे गेली. पण सामानाची भरपाई मिळाली आणि त्या पैशावर ते बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. बडोद्यात जातीने राहायला जागा मिळू दिली नाही म्हणून मुंबईला परत यावे लागले. मग त्यांनी काय केले? शिकवण्या केल्या आणि शेअर व रोख्यांविषयी सल्ला देणारी एक पेढी काढली! होय, आमच्या बाबासाहेबांनी शेअर बाजारातला सल्लागार म्हणून धंदा सुरू केला होता. गिऱ्हाईक येऊ लागले. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक बंद झाले आणि पेढी मिटली. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र शिकलेला माणूस. ज्ञानात कमी नव्हता, जिद्दीत नव्हता, 'पॉझिटिव्ह थिंकिंग'मध्ये तर मुळीच नव्हता. तरी दुकान बंद पडले. 'तुमची गरिबी तुमच्या विचारात आहे' असे म्हणणाऱ्या प्रत्येक पुस्तकासमोर आम्ही ही एक पेढी ठेवतो. उत्तर कुणाकडे नाही.

मात्र गोष्ट तिथे संपत नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून काटकसरीने पैसा बाजूला टाकला, रमाईने त्या शिलकीसाठी घरात काय काय सोसले ते आपण जाणतो. त्या शिलकीला शाहू महाराजांची मदत आणि मित्राची उसनवारी जोडून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. बचत होती, आणि ती बंगल्यासाठी नव्हती. पुढे १९४२ च्या ऑक्टोबरात व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य मुलांना शास्त्र व तंत्र शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्याच, शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून जागा मागितल्या. हातात कसब हवे, आणि ते जातीने लादलेले नव्हे, आपण निवडलेले हवे, हा विचार तेव्हाचा आहे. आज वायरिंग, पंप दुरुस्ती, टॅली, शिवणकाम शिकणाऱ्या मुला-मुलींना आम्ही हे आवर्जून सांगतो.

बाबासाहेबांच्याही मागे जायचे तर तथागतांकडे जावे लागेल. धम्म म्हणजे फक्त त्याग, अशी समजूत करून देणाऱ्यांनी दीघनिकायातले सिगालोवाद सुत्त उघडावे. तिथे गृहस्थाला कमाईचे चार वाटे करायला सांगितले आहेत. एक वाटा उपभोगाला, दोन वाटे कामधंद्यात घालायला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायला. पैसा कोणत्या सहा वाटांनी बुडतो तेही सांगितले आहे, आणि त्यात दारू, जुगार आणि वाईट संगत आहेच. अंगुत्तरनिकायात दीघजाणू नावाचा कोलिय गृहस्थ तथागतांना स्पष्टच सांगतो की, आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे, आम्हाला झेपेल असे सांगा. उत्तरात चार गोष्टी येतात: कामातली मेहनत व कौशल्य, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची संगत आणि मिळकतीच्या मानाने जगणे. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले ते कळते, तसे घरच्याला जमाखर्चाचे कळावे.

त्याच सुत्तात तलावाचा दृष्टान्त आहे. पाणी येण्याच्या चार वाटा, जाण्याच्या चार. येणाऱ्या वाटा बंद केल्या, जाणाऱ्या उघड्या ठेवल्या आणि पाऊसही पडला नाही तर तलावाचे काय होईल? हे जतच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. म्हैसाळच्या पाण्याची वाट पाहत पिढी म्हातारी झालेला हा तालुका आहे. पाण्यासाठी २०१२ साली कर्नाटकात जाण्याचे ठराव सीमेवरच्या गावांनी केले होते आणि २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी ते उकरून काढल्यावर आमचा तालुका चार दिवस टीव्हीवर झळकला. पण दृष्टान्ताला आमची एक पुस्ती आहे. तलाव आटतो तो घरच्यांच्या उधळपट्टीनेच असे नाही. कधी कधी वरच्या अंगाला कुणीतरी पाणी अडवलेले असते. पुस्तके जाणाऱ्या वाटा मोजायला शिकवतात, अडवणाऱ्याचे नाव घेत नाहीत. चळवळ अडवणाऱ्याचे नाव घेते, पण घरातल्या गळतीकडे बघत नाही. दोन्ही अर्धवट.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे येऊ. आपल्याकडे व्याज वर्षाच्या टक्क्यांत कुणी बोलत नाही, 'शेकडा' बोलतात. शेकडा पाच म्हणजे महिन्याला शंभराला पाच. ऐकायला पाच टक्के वाटते, असते वर्षाला साठ टक्के. दहा हजार घेतले आणि व्याज न देता त्यावर व्याज चढू दिले तर वर्षाने १७,९५९ रुपये होतात. शेकडा दहाने ३१,३८४! म्हणजे वर्षात तिप्पट. दुसरीकडे सहा टक्के व्याजाने बँकेत ठेवलेली रक्कम दुप्पट व्हायला बारा वर्षे लागतात. चक्रवाढ हे जगातले मोठे आश्चर्य असल्याचे ही पुस्तके सांगतात. बरोबर आहे, फक्त आपण त्या आश्चर्याच्या कुठल्या बाजूला उभे आहोत तेवढे पाहावे.

दुसरा चकवा 'फ्लॅट' व्याजाचा. दहा हजारांचे कर्ज, बारा टक्के फ्लॅट, वर्षात बारा हप्ते. हप्ता पडतो सुमारे ९३३ रुपये. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते, पण व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर लावलेले. खरा दर निघतो सुमारे साडेएकवीस टक्के. बारावी झालेल्या मुलीला हा हिशेब वहीवर एकदा करून दाखवला की ती आयुष्यात फसत नाही. आम्ही करून दाखवला आहे.

महिलांच्या गटकर्जाचे तर विचारूच नका. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा, वसुलीवाला दारात बसून राहायचा, आणि दसऱ्यानंतर घर ऊसतोडीला निघाले की मुकादमाची उचल घेऊन आधीचा हप्ता फेडायचा. एका कर्जाच्या पोटात दुसरे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जांसाठी निर्देश काढले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे हे कर्ज विनातारण असले पाहिजे. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. करारनामा कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा. उमदी-संखकडे कितीतरी घरांत कन्नड बोलतात, आणि कागदावर इंग्रजी असते. समजणारी भाषा कुठली, हे कंपनीने ठरवायचे की त्या बाईने? ज्या दिवशी आमच्या एका भगिनीने वसुलीवाल्याला हा कागद कन्नडमध्ये मागितला, त्या दिवसापासून त्याचे बोलणे अहो-जाहोवर आले.

सावकारीचेही तसेच. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा असून पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. बेकायदा सावकाराने व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर अर्जाच्या तारखेपासून मागच्या पंधरा वर्षांतल्या व्यवहारांसाठी ती परत मागता येते. अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायचा. वकील लागतोच असे नाही. (आमच्या व्यवसायबंधूंना हे वाक्य आवडणार नाही.)

आणि कोरा चेक. याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आमच्या टेबलावर दर महिन्याला हेच प्रकरण येते. 'सही माझी आहे, पण रक्कम मी लिहिली नाही,' असे म्हटले की सुटलो, ही समजूत चुकीची. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या प्रकरणात स्पष्ट केले की, स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेकदेखील देण्यापोटीच दिला असे कायद्याने गृहीत धरले जाते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड. चेक परत आल्यावर नोटीस येते, तिच्यापासून पंधरा दिवस मिळतात. नेमकी तीच नोटीस आपला माणूस पोस्टमनकडून घेत नाही! न घेतल्याने ती टळत नाही, उत्तर देण्याची संधी तेवढी जाते.

साखळी योजनांबद्दल एवढेच की, २०२१ च्या डिसेंबरात आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनी माणसे जोडून कमाई करण्याच्या पिरॅमिड योजनांना बंदी घातली आहे. आणि ठेवींच्या लुटीचे प्रमाण किती मोठे असते ते पाहायचे तर पीएसीएल पाहा. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने त्या कंपनीला सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला होता. तो पैसा गावागावांतून शंभर-दोनशेच्या पावतीने गोळा झाला होता, आणि पावती फाडणारा एजंट बहुतेक वेळा आपलाच पाहुणा होता.

हे सारे शिकवायचे कुठे? पूर्वीच्या पिढीला पेन्शनचा आधार होता. राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना ठेवली नाही, म्हणजे त्या शिपायाला जे मिळाले ते त्याच्या मुलाला नोकरी लागती तरी त्या रूपात मिळाले नसते. शिकणे टाळता येणार नाही. आम्ही आमच्यापुरती एक सुरुवात केली आहे. विहारात रविवारी वंदना झाली की एक तास थांबायचे. भाषण नाही. ज्याने त्याने घरातला एकच कागद आणायचा. कर्जाचे कार्ड, पतसंस्थेची पावती, विम्याची पॉलिसी, बँकेचे पासबुक. तो सगळ्यांनी मिळून वाचायचा. पहिल्या रविवारी सात माणसे आली. एका आजीच्या पासबुकात दरवर्षी वीस रुपये कापलेले दिसले. ती म्हणाली, बँक चोरी करते. तो प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा हप्ता होता, अपघाती मृत्यूला दोन लाखांचा. तिचा मुलगा ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर जातो. तिने त्याचेही पासबुक पुढच्या रविवारी आणले. त्यात कपात नव्हती, ती सुरू करून घेतली.

पुस्तकेही ठेवली आहेत. 'रिच डॅड'सुद्धा आहे. जमाखर्च लिहावा, देणे आणि मालमत्ता यांतला फरक ओळखावा, पगार आला की आधी बचत काढावी, हे त्यातले चांगलेच आहे, ते घ्यावे. शेजारी बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आहेत. १९५६ च्या १५ ऑक्टोबरला नागपूरच्या भाषणात त्यांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा असे सांगितले होते. हजारातले पन्नास. ते देण्यासाठी आधी हजाराचा हिशेब लिहिलेला असावा लागतो.

त्या तरुणाचा खटला अजून चालू आहे. सावकाराकडे परवाना नव्हता, हा मुद्दा आम्ही घेतला आहे. मुलगा आता एका बेदाण्याच्या शेडवर हिशेबनीस आहे आणि रविवारी फ्लॅट व्याजाचे गणित फळ्यावर तोच मांडतो. ते रेघा मारलेले पुस्तक आमच्या कपाटात पडून होते. मागच्या तारखेला बापाने ते परत मागून नेले. म्हणाला, "पोरानं काय काय वाचलं ते एकदा बघतो."